झांजेला माणूस हवंय

आमच्या मलकापूरला घंटेसाठी कुणी ओळखत नाही. ओळखतात ते पाण्यासाठी. नळाला चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून बाहेरगावची माणसं ती योजना बघायला यायची. एरवी आमची ओळख सांगायची तर कराडला खेटून, पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेलं, आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव. ट्रकचे हॉर्न, उड्डाणपुलाच्या कामाची धडधड, दवाखान्याकडे निघालेल्या रुग्णवाहिका, उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. या गलक्यात एखाद्या आळीतल्या देवळाची घंटा कुणाच्या कानावर पडत असेल असं वाटणार नाही तुम्हाला. पडते. निदान पडायची. मी सांगणार आहे ती गोष्ट त्या घंटेची, आणि खरं तर घंटेपेक्षा ती वाजवणाऱ्या पाच माणसांची.

आमच्या आळीतलं देऊळ लहान आहे. गाभारा, पुढे पत्र्याचा मंडप, मंडपाला लोखंडी तुळई आणि तुळईला टांगलेली घंटा. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर इथे पहाटेचा काकडा चालतो. साडेचारला माणसं जमायची, अभंग व्हायचे, भूपाळ्या व्हायच्या आणि शेवटी आरती. आरतीला पाच वाद्यं लागायची: शंख, घंटा, तास, झांज आणि नगारा. तास म्हणजे घड्याळातला तास नव्हे. काशाची जाड थाळी असते, दोरीला टांगलेली, लाकडी मोगरीनं वाजवायची, तो तास. पूर्वी वेळ कळावी म्हणून हीच थाळी ठोकत, म्हणून साठ मिनिटांना आपण ‘तास’ म्हणायला लागलो. इंग्रजीतही तसंच आहे. ‘क्लॉक’ हा शब्द घंटेसाठीच्या जुन्या लॅटिन शब्दातून आलाय. वेळ ही मुळात बघायची नाही, ऐकायची गोष्ट होती. आणि ऐकायची म्हणजे कुणीतरी वाजवायला हवी.

आमच्याकडे ती वाजवणारी मंडळी ठरलेली होती. शंख पुजाऱ्यांचा. तास एका किराणा दुकानदाराकडे, झांज एसटीतल्या एका कंडक्टरकडे, नगारा नानांकडे. घंटा माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची. मी दुसरीत असल्यापासून आबांचं बोट धरून जायचे. थंडीत कानटोपी घालून मंडपात बसायचं, अर्धी झोप तिथेच पुरी करायची आणि आरतीला उठायचं. तिसरीत असताना आबांनी पहिल्यांदा घंटेची दोरी माझ्या हातात दिली.

घंटा वाजवणं सोपं वाटतं. देवळात गेलं की आपण सगळेच हात वर करून एक टोला देतो. पण आरतीभर नगाऱ्याच्या लयीत वाजवत राहायचं म्हणजे वेगळं काम. आमची घंटा चांगली वजनदार. तिच्या पोटातल्या लोळ्याला दोरी बांधलेली. दोरी ओढली की लोळा निघतो, थोडा प्रवास करतो आणि मग कडेवर आदळतो. नगारा ऐकून तुम्ही दोरी ओढलीत तर आवाज उशिरा येतो. मी ओढायचे आणि प्रत्येक टोला मागे पडायचा. आबा शेजारी उभे राहून हसायचे. म्हणायचे, “नगारा ऐकून वढायची न्हाय लेकी. नगारा वाजायच्या आदी वढायची.”

“पण तो कधी वाजणार ते मला कसं कळणार?”

“नानाच्या खांद्याकडं बघ.”

खांदा वर गेला की दोरी ओढायची. हे जमायला मला एक अख्खा काकडा लागला. त्या महिन्यात मी घंटा वाजवायला शिकले असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. खरं तर मी नानांचा खांदा वाचायला शिकले होते.

आरती संपली की चहा. कुणाच्या घरून आज चहा येणार याची पाळी ठरलेली असायची, तशीच वाद्यांचीही. कुणाला गावाला जायचं असलं की तो आदल्या दिवशी सांगायचा आणि बदली माणूस देऊन जायचा. भांडणंही भरपूर. कंडक्टरकाका झांज फार जोरात वाजवतात ही नानांची कायमची तक्रार, आणि नाना आरती पळवतात ही पुजाऱ्यांची. दोन वर्षं तर दुकानदार आणि नाना एकमेकांशी बोलत नव्हते, कारण बांधाचं काहीतरी होतं. पण पहाटे सव्वापाचला दोघं समोरासमोर उभे राहून एका लयीत वाजवायचे. अबोला असला तरी खांद्याकडे बघावंच लागायचं.

मी सहावीत असतानाच्या काकड्यात एके दिवशी नाना आले नाहीत. निरोप नाही, बदली माणूस नाही. अभंग सुरू झाला होता. आबा दोन-तीनदा दाराकडे बघून आले आणि मग अभंग अर्ध्यात सोडून उठले. कंडक्टरकाकाही त्यांच्यामागून गेले. नाना एकटे राहायचे, मुलगा मुंबईला. दार आतून बंद होतं. मागच्या बाजूनं शिरून बघितलं तर नाना न्हाणीत पडलेले, मांडीचं हाड मोडलेलं, रात्रीपासून तिथेच. हाका मारून मारून आवाज बसला होता. त्या पहाटे आरती नगाऱ्याशिवाय झाली, कारण बाकीचे सगळे दवाखान्यात होते.

नाना त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. पुढच्या काकड्याला खुर्चीवर बसून नगारा वाजवला. त्यांच्या लेकानं मोबाइल घेऊन दिला, रोज रात्री फोन करायचा नेम केला. पण नाना सगळ्यांना एकच सांगायचे, “मला नगाऱ्यानं वाचवलं. वाजला न्हाय म्हणून कळलं.”

*

मशीन आमच्याकडे २०२१ च्या काकड्याला आलं. तुमच्याही ओळखीचं असेल ते. लोखंडी चौकट, मधोमध ढोल, बाजूंना झांजा, वर दोन लहान घंटा आणि खाली मोटर. बटण दाबलं की छोटे हातोडे ढोलावर पडतात, झांजा एकमेकींवर आपटतात, घंटा हलतात. आरतीचं मशीन. आता गावोगावच्या देवळांत दिसतं.

ते का आलं हे नीट सांगायला हवं, नाहीतर मशीन म्हणजे खलनायक असं होऊन बसेल. २०२० च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली, ती राज्यात दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २०२१ च्या घटस्थापनेला उघडली. कित्येक देवळांत घंटा कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या, हात लागू नये म्हणून. आमचीही तशीच होती. ज्या वस्तूला गावातला प्रत्येक हात लागतो, ती त्या दिवसांत सगळ्यांत भीतीची वस्तू झाली होती. मग कुणीतरी देणगी दिली आणि मशीन आलं. कुणाचा हात नको, प्रश्नच मिटला.

आणि पुजाऱ्यांचीही बाजू आहेच. काकड्याचा एक महिना सोडला तर वर्षाचे बाकीचे अकरा महिने दुपारच्या आरतीला कुणी फिरकत नव्हतं. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात हातघंटी, असे एकटेच ते आरती करायचे. त्यांनी मला सांगितलं, “मशीनला चहा लागत न्हाय, त्याचं कुणाशी भांडण न्हाय, आणि ते दांडी मारत न्हाय.” यातलं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. दांडी मारत नाही म्हणजे ते आलं नाही असं कधी होतच नाही. म्हणजे कुणाचं दार ठोठवायची वेळही येत नाही.

मशीन आलं तेव्हा नाना नव्हते. दुकानदारही नव्हते. आबा होते. पहिल्या पहाटे मशीन सुरू झालं आणि आबा सवयीनं घंटेखाली जाऊन उभे राहिले. दोरी हातात धरली, पण ओढली नाही. मशीनला खांदा नव्हता. ते कधी वाजणार ते कशावरून ओळखायचं? त्या वर्षी काकड्याला दहाएक माणसं होती, पुढच्या वर्षी सहा, त्यापुढे पुजारी धरून तीन. मशीनमुळे माणसं गेली, की माणसं जात होती म्हणून मशीन आलं? मला वाटतं आधी दुसरं झालं आणि मग पहिलं. पण एक नक्की. जोवर आपल्यावाचून अडतं, तोवर माणूस पहाटे गजर लावतो. अडायचं बंद झालं की गजरही बंद होतो.

*

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. गुरुवार पेठेतून येण्याजाण्याचा रस्ता होता आणि त्या रस्त्यावर पंचहौद. पाच हौदांवरून पडलेलं नाव. शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, कारण १८९० साली गोपाळराव जोशींनी इथल्या मिशनमध्ये मंडळी बोलावली, तिथे टिळक, रानडे वगैरेंनी चहाबिस्किटं घेतली असा बोभाटा झाला आणि पुण्यात प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. तिथल्या पवित्र नाम देवालयाला लागून एक उंच, वेगळा उभा असलेला मनोरा आहे. एक नव्हे, आठ घंटा आहेत त्यात. नाताळाच्या सुमारास एका संध्याकाळी मी खालच्या रस्त्यावर चहा पीत उभी होते आणि वरून आठ स्वर उतरत आले. वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत, जिना उतरावा तसे. मी देवळातली एकटी घंटा ऐकत वाढलेली. एकीच्या पाठोपाठ दुसरी, तिसरी, अशा आठ घंटा ओळीनं बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री फोनवर शोधत बसले आणि एका वेगळ्याच जगात शिरले. इंग्लंडमध्ये साडेतीनशे-चारशे वर्षांपासून घंटा वाजवायची एक निराळी पद्धत आहे. मनोऱ्यात सहा, आठ, कधी दहा-बारा घंटा. प्रत्येक घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली, चाकाला दोर, दोराखाली एक माणूस. घंटा आधी तोंड वर करून उलटी उभी करायची, मग दोर ओढला की ती जवळजवळ पूर्ण फेरी मारते, एकदा वाजते आणि पुन्हा उलटी उभी राहते. पुढच्या ओढीला उलट दिशेनं. एवढी मोठी वस्तू मनासारखी थांबवता किंवा पळवता येत नाही. पुढच्या फेरीला ती जरा लवकर किंवा जरा उशिरा आणता येते, बस. त्यामुळे या घंटांवर गाणं वाजत नाही. शेजारच्या घंटेशी जागेची अदलाबदल, एवढीच हालचाल शक्य असते.

मग त्या माणसांनी त्या एवढ्याशा मुभेतून खेळ तयार केला. तीन घंटा घ्या. १२३ असं वाजवा. पुढच्या फेरीत पहिल्या दोघींची अदलाबदल, २१३. मग शेवटच्या दोघींची, २३१. मग ३२१, ३१२, १३२, आणि परत १२३. तीन घंटांचे सहाच क्रम होतात, सगळे येऊन गेले आणि एकही दोनदा आला नाही. हा नियम. चार घंटांचे चोवीस, पाचांचे १२०, सातांचे ५०४०. सात घंटांचे सगळे क्रम वाजवायला साधारण तीन तास लागतात. हे पहिल्यांदा नीट पार पडल्याची नोंद १७१५ ची आहे, नॉरिच शहरातली. आणि आठ घंटांचे? ४०३२०. तेही एकदा वाजवलेत. १९६३ च्या जुलैमध्ये, लफबरो गावच्या टेलर यांच्या घंटांच्या कारखान्यात आठ जणांनी, कुणीही बदली न घेता, जवळजवळ अठरा तास. याच टेलर कारखान्यातून १९०४ साली आठ घंटा मुंबईला आल्या. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या मनोऱ्यात त्या आहेत.

समोर कागद नसतो. ४०३२० ओळी कुणी पाठ करत नाही. प्रत्येकानं फक्त आपल्या घंटेची वाट लक्षात ठेवायची, आता मी पुढे सरकतेय, आता मागे, आता दोन वेळा जागेवर. बाकीचं कसं कळतं? वर घंटा दिसत नाही. ओढल्यावर आवाज यायला वेळ लागतो, म्हणून ऐकून ओढलं तर उशीर होतो. मग ते एकमेकांच्या दोरांकडे बघतात. कोणाचा दोर खाली येतोय, त्याच्या मागे मी. या बघण्याला त्यांच्यात वेगळं नाव आहे, ‘दोराची नजर’ म्हणा. नव्या माणसाला ती यायला महिने लागतात. हे वाचताना मला आबांचा आवाज ऐकू आला. नानाच्या खांद्याकडं बघ.

आणखी एक गोष्ट ओळखीची निघाली. प्रत्येक मनोऱ्याची आपली मंडळी असते. आठवड्यातला एक दिवस सरावाचा ठरलेला, आणि सराव संपला की सगळे मिळून पबमध्ये. आपल्याकडे चहा, त्यांच्याकडे बिअर. भांडणंही असणारच, त्याशिवाय मंडळी कसली.

*

५०४० हा आकडा मात्र मला कुठेतरी भेटल्यासारखा वाटत राहिला. तो भेटला आपल्या इथेच, देवगिरीत. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक मोठा अधिकारी होता. काश्मीरहून आलेल्या घराण्यातला, कामानं हिशेबनीस. त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात त्यानं सात स्वर एकेकदाच घेऊन किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतात ते काढलंय. उत्तर ५०४०. नुसतं उत्तर नाही. अमुक क्रमांकावरचा क्रम कुठला आणि अमुक क्रमाचा क्रमांक कुठला, हे शोधायचं कोष्टकही दिलंय. त्याचं नाव खंडमेरू. पुढे उस्ताद अमीर खाँसारख्या गवयांनी गळ्यातून याच विचाराला ख्यालात जागा दिली. नॉरिचच्या त्या मनोऱ्याआधी सुमारे पाचशे वर्षं एका हिशेबनिसानं दौलताबादच्या डोंगराखाली बसून तेच गणित मांडलं होतं.

हे कळल्यावर ‘बघा, आपल्याकडे आधीच होतं’ असं म्हणायचा मोह होतो. पण दोन्हींत एक फरक आहे आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. खंडमेरू एक माणूस मांडू शकतो. एक गवई एकटा गाऊ शकतो. घंटांना मात्र सात माणसं लागतात. एकाला एकच घंटा, एकच स्वर. एकाला एकट्यानं क्रम बदलता येत नाही. मी पुढे जाईन तेव्हा शेजारच्याला मागे यावंच लागतं.

*

घंटांच्या नादात मी एका रविवारी मेणवलीला गेले. वाईजवळ कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे ते गाव. ‘स्वदेस’ सिनेमात तुम्ही तो घाट पाहिलाय. घाटावरच्या देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या गेल्या. ही त्यातली एक. भीमाशंकरला एक आहे. पालीच्या बल्लाळेश्वराला एक आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे.

चर्चमध्ये असताना ती घंटा उंचावरून गावाला सांगायची, या. देवळात आल्यावर तिच्या बोलण्याचा अर्थ बदलला. इथे प्रत्येक जण आपल्या हातानं ती वाजवून देवाला सांगतो, मी आलोय. तीच धातू, तोच आवाज. हाक मारणारी घंटा हजेरी द्यायला लागली.

पण हजेरी कुणाची घेतली जायची, हेही विचारायला हवं. नारोशंकराची घंटा पंचवटीत आहे. काळाराम मंदिरही पंचवटीतच. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या मंदिरात जाण्यासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. परदेशातून आलेली, परधर्माच्या खुणा अंगावर असलेली घंटा देवळावर चढली, आणि त्याच गावच्या, त्याच भाषेच्या माणसांना दाराशी अडवलं. घंटेला कुणाचा हात लागायचा आणि कुणाचा नाही, हे आपल्याकडे मशीनच्या किती तरी आधी ठरलेलं होतं.

आमच्या आळीतही होतंच. मी तिसरीत घंटा वाजवली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. नववीत गेले आणि एका पहाटे दोरी न बोलता दुसऱ्या मुलाच्या हातात गेली. कुणी रागावलं नाही, कुणी नियम सांगितला नाही. आबासुद्धा दुसरीकडे बघत राहिले. मुलीनं वाजवू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नसतं म्हणूनच त्याच्याशी भांडताही येत नाही. इंग्लंडच्या मनोऱ्यांतही बायकांना सहज जागा मिळाली नाही. १८९६ साली अ‍ॅलिस व्हाइट नावाच्या बाईनं पहिल्यांदा तो तीन तासांचा पल्ला पुरा केला. १९१२ मध्ये घंटा वाजवणाऱ्या बायकांनी आपली वेगळी संघटना काढली. म्हणून जुनी मंडळी जशी होती तशी परत यावी असं मला वाटत नाही. तिचं जे चांगलं होतं, एकावाचून दुसऱ्याचं अडणं, ते हवंय. बाकीचं नकोय.

*

मशीनचा प्रश्न काही आपल्यापुरता नाही. युरोपातल्या कितीतरी चर्चमध्ये आता मोटर घंटा हलवते आणि संगणक वेळ ठरवतो. स्पेनमध्ये गावोगावी हातानं घंटा वाजवण्याची पद्धत होती. आग लागली, पूर आला, लग्न, मरण, प्रत्येकाचे टोले वेगळे. तिथल्या माणसांनी जुने वादक शोधले, त्यांच्याकडून शिकून घेतलं, आणि २०२२ मध्ये युनेस्कोनं स्पेनमधलं हातानं घंटा वाजवणं जपण्याच्या वारशात नोंदवलं. म्हणजे नोंद झाली ती घंटेची नाही, हातांची. इंग्लंडमध्ये २०२० साली मनोरे बंद झाले तेव्हा घंटावाल्यांनी ‘रिंगिंग रूम’ नावाची एक जागा इंटरनेटवर उभी केली. प्रत्येक जण आपापल्या घरात, प्रत्येकाकडे पडद्यावरची एक घंटा. एका माणसाला सगळ्या घंटा वाजवणारा प्रोग्राम त्याआधीच होता. त्यांना तो नको होता, एकमेकांची वाट बघणं हवं होतं. पुढे २०२३ मध्ये राजा चार्ल्स यांच्या राज्याभिषेकासाठी वादक कमी पडतील असं दिसलं, तर मोटर लावण्याऐवजी त्यांनी नव्या माणसांच्या भरतीची मोहीम काढली. ज्यांनी जन्मात दोर धरला नव्हता अशांना शिकवलं.

हे सगळं मी गेल्या वर्षी आबांना सांगितलं. आता त्यांना कमी ऐकू येतं. सात घंटांचं गणित वहीत लिहून दाखवलं. तीन घंटांचे सहा क्रम त्यांनी बोट ठेवून दोनदा तपासले. मग म्हणाले, “आन् सातातला एक आजारी पडला तर?”

म्हटलं, “तर होत नाही.”

“मग बराबर हाय,” आबा म्हणाले.

त्या आठवड्यात मी देवळाच्या मंडळींशी बोलले. मशीन काढा असं म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की काकड्याच्या महिन्यातल्या रविवारी मशीन बंद ठेवायचं. त्या पहाटे माणसं वाजवतील. दोन बैठका झाल्या. एकानं विचारलं, माणसं कुठून आणणार? दुसऱ्यानं विचारलं, चुकलं तर? तिसऱ्यानं विचारलं, तू वाजवणार का? मी हो म्हटलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आबा कोपऱ्यात खुर्चीवर होते. या वेळी त्यांनी दुसरीकडे बघितलं नाही. म्हणाले, “घंटा तिचीच हाय.” शेवटी ठरलं की या काकड्याला चार रविवार करून बघायचं, नीट झालं नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही.

माणसं शोधायला लागले तेव्हा कळलं की लोकांना यायचं नसतं असं नाही, त्यांना कुणी बोलावलेलंच नसतं. नर्सिंग शिकणारी एक मुलगी आहे, विदर्भातली. आमच्या आळीत खोली घेऊन राहते, रात्रपाळी संपवून परत येताना तिला देवळातला दिवा दिसतो. तिनं तास घेतलाय. जिममध्ये जाणारा एक पोरगा नगाऱ्याला तयार झाला, आधी हातांसाठी व्यायाम म्हणून, आता स्वतःच मोगरी घेऊन सराव करतो. त्याचा खांदा फार कमी हलतो, त्यामुळे मला त्याच्या कोपराकडे बघावं लागतं. शंखाला पुजारी आहेतच आणि चार रविवार एकटं राहावं लागणार नाही म्हणून ते आमच्यापेक्षा खूश आहेत. मी शनिवारी रात्री पुण्याहून निघणार आणि सकाळी चहा घेऊन झोपणार.

व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढलाय. नियम एकच. येणार नसाल तर आदल्या रात्री कळवायचं. न कळवता आला नाहीत, तर आम्ही घरी येऊन दार वाजवणार.

चौघं झालोत. कंडक्टरकाकांचे गुडघे आता चालत नाहीत, पण झांजेची जोडी त्यांनी घासूनपुसून देवळात आणून ठेवलीय. झांजेला माणूस हवंय. जोरात वाजवणारं असलं तरी चालेल.